कुशीवर सरळ

मलकपेठ, हैदराबाद
रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

चि. हेमंत यास,

तुझ्या मामाने आज विमान उडवणं सोडलं. त्याला कारण तू दिवाळीत आणलेला रेडिओ आहे असं माझं मत झालं आहे, म्हणून हे पत्र. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिले तर.

जमिनीवर उभं राहून विमान चालवायचा जुना रेडिओ अकरा वर्षं चालला. त्याला दोन काठ्या होत्या आणि दादाला दोन अंगठे. विमान वाकडं गेलं की दादा ते खाली उतरवी, घरी आणी, जेवणाच्या टेबलावर पालथं घाली आणि विमानच दुरुस्त करी. तुझ्या सिंगापूरच्या रेडिओत संगणक आहे. विमान वाकडं असलं तरी बिघडत नाही, रेडिओ परस्पर सावरून घेतो, असं तू चकली खाताखाता सांगितलंस. ह्याला मिक्सिंग म्हणतात म्हणे. माझ्या ओळखीत मिक्सिंग फक्त आमचा गवळी करतो, आणि तोही ते विद्या म्हणून सांगत नाही.

आज काय झालं ते ऐक. स्पर्धेत एक प्रकार असतो, तुला माहीत आहे: विमान कुशीवर झोपवायचं, एक पंख जमिनीकडे, एक आकाशाकडे, आणि मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने रेघ ओढल्यासारखं न्यायचं. तेव्हा नाक वर धरण्याचं काम शेपटाच्या उभ्या पात्याचं, म्हणजे रडरचं. दादाच्या विमानाला खोड अशी की रडर दिला की ते पोटाच्या बाजूला ओढतं. दादा ते एलिव्हेटरने, म्हणजे आडव्या पात्याने, हातानेच सावरत असे. तू ते काम रेडिओला दिलंस. रडर हलला की एलिव्हेटर आपोआप हलणार.

उजव्या कुशीवर ठीक गेलं. डाव्या कुशीवर घेतल्याबरोबर विमान पोटाकडे असं वळलं की थेट शेजारच्या नव्या अपार्टमेंटच्या खांबांकडे निघालं. कुकटपल्लीच्या त्या माळावर आता विमानापेक्षा सिमेंटच जास्त उडतं. दादाने कसंबसं वळवून उतरवलं. त्यावर आमच्या क्लबाचे सेक्रेटरी हिम्मतराव, चारचौघांत, मोठ्याने: "क्या साब, हात हलरा क्या?" सगळे हसले. हिम्मतरावांची सगळी नोकरी रेसच्या घोड्यांत गेली. विमान आणि घोडा यांत ते फरक करत नाहीत. दोन्हींना थापटतात.

परतताना ऑटोत, पंख मांडीवर आडवा धरून, दादा म्हणाला, "जया, हात गेला माझा. जानेवारीच्या स्पर्धेत नाव देऊ नकोस."

हाताला कंप आहे. दीड वर्षं आहे. कप बशीवर वाजतो तो मलाही ऐकू येतो. पण दीड वर्षांत जेवढा बिघडला नाही तेवढा हात तीन आठवड्यांत बिघडतो, हे मी पस्तीस वर्षं शिकवलेल्या कुठल्याच पदार्थविज्ञानात बसत नाही.

स्पर्धा २१ जानेवारीला. नाव देण्याची मुदत ३१ डिसेंबर. तू कोणत्या कप्प्यात कोणता आकडा भरलास ते सगळं लिहून पाठव. फोन करू नकोस. खालच्या मजल्यावरचे लोक निरोप अर्धा करून सांगतात आणि तू नुसतं 'हो हो' म्हणतोस.

जयवंतामावशी


पुणे
२० नोव्हेंबर १९९५

ती. जयवंतामावशीस,
शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. डाव्या कुशीवरची चूक माझीच आहे. मी डाव्या रडरला एलिव्हेटर बारा टक्के 'वर' दिला आणि उजव्या रडरला, जो डाव्या कुशीवर लागतो, बारा टक्के 'खाली'. डावं-उजवं म्हणजे उलटसुलट, असं मी धरून चाललो. पण विमान दोन्ही कुशींवर पोटाकडेच ओढतं, म्हणजे दोन्हीकडे एलिव्हेटर 'वर'च हवा. रेडिओवर मोड आणि सिलेक्ट ही दोन बटणं एकदम दाबलीत की यादी उघडेल. त्यात मिक्सिंगच्या पानावर 'R' समोरचं चिन्ह बदलायचं. एवढंच. एका बटणाचं काम आहे.

पण मावशी, रागावू नका, मामांच्या हाताकडे डोळेझाक करून चालणार नाही. मी दिवाळीत पाहिलं ते मला बरं वाटलं नाही. स्पर्धेचा ताण घ्यायलाच हवा का? त्यांनी स्वतःहून थांबायचं म्हटलं असेल तर ते आपण मान्य करावं असं मला वाटतं. विमानाची काळजी करू नका. ते इकडे पाठवलंत तर मी नीट सांभाळीन. आमच्या कंपनीतले तिघे जण दर रविवारी उडवतात, सगळ्यांकडे असेच रेडिओ आहेत.

घरून मृण्मयीने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपला,
हेमंत


मलकपेठ, हैदराबाद
४ डिसेंबर १९९५

चि. हेमंत,

विमान कुठे पाठवायचं ते मी तुला विचारलं नव्हतं. मेलेल्या माणसाची भांडी वाटायची सुद्धा एक वेळ असते, आणि इथे माणूस जिवंत आहे, सकाळी दोन भाकऱ्या खातो.

चिन्ह बदललं. एका बटणाचं काम माझं चाळीस मिनिटांचं झालं, कारण ते माहितीपुस्तक ज्याने लिहिलं त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि ज्याने छापलं त्याला लाज.

आता दादा रेडिओला हात लावीना. मग चाचणी घ्यायची कोणी? मी अकरा वर्षं दादाच्या मागे उभी राहून पुढचा प्रकार कोणता ते ओरडून सांगते, पण काठीला मी कधी हात लावलेला नाही. मैदानावर रविवारी नेमाने येणारा, आणि दादाच्या विमानाला ज्याच्या हाती द्यायची मला भीती वाटणार नाही, असा एकही माणूस नव्हता. म्हणून ज्याची भीती वाटते त्यालाच दिलं. काल हिम्मतरावांनी उडवलं.

डाव्या कुशीवर नीट गेलं, उजव्या कुशीवर नीट गेलं. उतरवून त्यांनी विमान थापटलं आणि मला म्हणाले, "बाई, चिडू नका, पण ही काठी बीचमें मरेली हाय."

मी म्हटलं, "म्हणजे काय, नीट सांगा."

"म्हणजे आता कसं सांगू तुमाला. हळू हलवली तर कायच होत नै. म्हणून जरा ज्यादा दिली की एकदम उछलती. घोड्याचं तोंड सुन्न असल्यावर होतं तसं. बिराजदारसाब इसकू उडातेच कैसे की! मेरे से तो नै होता, बाबा."

ह्या माणसाला आयुष्यात कधी 'माझ्याने होत नाही' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. म्हणून घरी आल्यावर मी मिक्सिंगचे सगळे आकडे शून्य केले. काठी तरीही मेलेलीच. मग मी शाळेत मुलींकडून करून घेतलं असतं तेच केलं. विमान टेबलावर बांधून ठेवलं. पंखावरच्या पात्याच्या मागे फूटपट्टी उभी केली, काठीच्या बुडाशी कोनमापक चिकटवला, आणि काठी पाच-पाच अंशांनी हलवून पातं किती हललं ते लिहिलं. काठीच्या पहिल्या पावात पातं एक मिलिमीटर हलतं. शेवटच्या पावात सहा. आलेखाच्या कागदावर सरळ रेषा यायला हवी होती, वाटी आली.

म्हणजे दादा अगदी हलकी दुरुस्ती करायला जातो, अंगठा हलवतो, वर काहीच होत नाही. त्याला वाटतं अंगठाच हलला नाही. मग तो जास्त हलवतो आणि विमान उडी मारतं. त्याला वाटतं हात थरथरला. तीन आठवडे ह्या वाटीत बसून तो माणूस स्वतःचा हात तपासतो आहे. परवा आमटी वाढताना पळी तशीच धरून बघत बसला होता.

हा आकडा आपोआप पडत नाही. तो कुणीतरी भरावा लागतो. तुझ्या पत्रात तो नव्हता. का, ते एका ओळीत लिही. दोन नकोत.

जयवंतामावशी


पुणे
११ डिसेंबर १९९५

ती. जयवंतामावशीस,
शि. सा. नमस्कार.

एका ओळीत: मामांचा कंप विमानाला कळू नये म्हणून मी काठी मध्यावर साठ टक्के मंद केली, आणि त्यांना सांगितलं नाही.

दुसरी ओळ लिहू नको म्हणालात, पण लिहावी लागते आहे. तुम्हाला आठवत असेल, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मामा फाटकाशी पणत्या लावत होते. दोन विझल्या. तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणालात, "त्याचा हात लोकांना दिसायला लागलाय रे. तुझ्या त्या यंत्रात काही सोय असली तर कर, आणि त्याला कळू देऊ नकोस." त्यानंतर मी ते केलं. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. मला ते तेव्हा बरोबरच वाटलं होतं. खरं म्हणजे अजूनही थोडं वाटतं. डोळ्यांना चष्मा लावतोच की आपण.

मला वाटतं आता ते गुपचूप काढून टाकावं. यादीत 'EXP' लिहिलेल्या पानावर दोन्ही आकडे शून्य करायचे. मामांना एवढंच सांगा की रेडिओत बिघाड होता, तो निघाला. कुणालाच वाईट वाटणार नाही.

आपला,
हेमंत


मलकपेठ, हैदराबाद
१८ डिसेंबर १९९५

चि. हेमंत,

म्हटलं होतं. तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य मी म्हटलंच नसेल हे सिद्ध करायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. पणत्यांच्या तपशिलापाशी अडकले.

तेव्हा मागच्या पत्रातला तुझ्या वाट्याचा अर्धा राग मी परत घेते. उरलेला अर्धा चष्म्यासाठी ठेव. चष्मा आपण माणसाला विचारून लावतो. तो झोपला असताना नाही.

काल मी दादाला सांगितलं. गुपचूप काही केलं नाही. तो परसात शेपटाला सँडपेपर मारत होता. उडवायचं नाही म्हणतो आणि सँडपेपर मारतो. मी आलेखाचा कागद पुढे ठेवला, काय केलं, कोणी सांगितलं, सगळं सांगितलं. त्याने वाटीवरून बोट फिरवलं. कागद चांगला आला आहे म्हणाला. मग विचारलं,

"हिम्मतला हे माहीत होतं?"

"त्यांना कसं माहीत असणार? त्यांनी फक्त काठी मेलेली आहे एवढं सांगितलं."

"चारचौघांत हात हलरा क्या म्हणाला तोही तोच."

"तोच. असभ्य माणूस."

"हात हलतच होता, जया," दादा म्हणाला. "त्याने तोंडावर विचारलं. तुम्ही दोघं शिकलेली माणसं, माझ्या पाठीमागे उत्तर लिहून मोकळी झालात."

मी ताटं घेतली. तो जेवला मात्र नेहमीसारखा. रुसून उपाशी राहणं बिराजदारांच्या घरात कुणाला जमलेलं नाही. ताट उचलल्यावर त्याने रेडिओ पुढे ओढला आणि प्रत्येक पानावर माझ्याकडून शून्य भरून घेतलं. आज सकाळी त्याने मला नाव देऊन यायला पाठवलं. हिम्मतरावांनी फॉर्म घेतला आणि म्हणाले, "हौ, आता मजा येईल." काय मजा ते त्यांनाच ठाऊक.

जयवंतामावशी


मलकपेठ
२६ डिसेंबर

चि. हेमंत,

अक्षर लागलं तर वाच. जया लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

रेडिओ चांगला आहे. त्याला नावं ठेवणार नाही. पण तू उलटीकडून सुरुवात केलीस. आधी विमान सरळ करायचं. मग जे उरेल तेवढंच रेडिओला सांगायचं. बॅटरी पाऊण इंच मागे घेतली. पंखाच्या पुढच्या कडेखाली पोस्टकार्डाची पट्टी घातली, तुझ्याच एका पोस्टकार्डाची. पोटाकडे ओढणं जवळजवळ गेलं. तुझे बारा होते, आता तीन पुरतात. तेवढे ठेवले. तीनला माझी हरकत नाही.

हाताचं मिक्सिंग करायचं नाही. विमानात खोड असली तर ती विमानाची. हात माझा आहे. हलतो तेवढा दिसू दे. किती हलतो ते मलाच बघायचं आहे. ते तुम्ही लपवलंत तर मी ठरवायचं कशावरून?

राग नाही. लहानपणी तू माझं एक विमान विहिरीत घातलं होतंस, तेव्हाही नव्हता.

एवढं लिहायला पाऊण तास.

भगवंतमामा


पुणे
५ जानेवारी १९९६

ती. मावशी व ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

मामांचं पत्र मी ऑफिसात उघडलं, ते चुकलं. घरी उघडायला हवं होतं.

२१ तारखेला यायचं तिकीट काढलं होतं, पण आमचं काम फेब्रुवारीत अमेरिकेला जायचं आहे आणि सुटी रद्द झाली. तिकीट परत केलं. मामा, मी चूक केली. चांगल्या हेतूने केली हे लिहिणार नव्हतो, आता लिहून गेलो.

स्पर्धेनंतर सविस्तर कळवा. आणि पुढे कधी विमान कुणाला द्यायचा विचार झालाच, तर मी ते तुम्ही ठेवलं आहे तसंच ठेवीन. एकही आकडा बदलणार नाही.

आपला,
हेमंत


मलकपेठ, हैदराबाद
२२ जानेवारी १९९६

चि. हेमंत,

सविस्तर ऐक.

नऊ जण होते. पहिला आला तो कुणा बांधकामवाल्याचा मुलगा. परदेशातून तयार विमान मागवलेलं, खोक्यातून काढलं आणि उडवलं. विमानाने सगळं बरोबर केलं. मुलाने काय केलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या वडिलांनी व्हिडिओ काढला, त्यात ते स्वतःच जास्त असतील. आपल्या लोकांना हल्ली वस्तू आली की अक्कलही पाठोपाठ कस्टममधून सुटून आली असं वाटतं.

दादाची पाळी पाचवी. मी मागे उभी होते. "पुढे लूप," लूप झाला. गोल आला, अगदी कंपासने काढल्यासारखा. "पुढे उजवी कुशी," मी म्हटलं. विमान कुशीवर गेलं आणि गेलं ते सरळच. पोटाकडे तसूभर ओढलं नाही. तुझे तीन टक्के आणि त्याचं पोस्टकार्ड, दोन्ही आपापल्या जागी होते. परीक्षकांतल्या एकाने मान डोलावली.

"पुढे डावी कुशी."

डाव्या कुशीवर विमान थरथरलं. रेघ सरळच होती, पण ती ओढताना हात हलावा तसे पंख पूर्ण मैदानभर हलत राहिले. उन्हात पंखाचा लाल रंग लुकलुकत होता, त्यामुळे ज्याला दिसलं नसतं त्यालाही दिसलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. मी पुढचा प्रकार सांगायला विसरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दादानेच विचारलं, "पुढे काय, जया?"

त्याने सगळे प्रकार पूर्ण केले. उतरवणं सुरेख झालं. सातवा आला.

रेडिओ बंद करून त्याने तो गळ्यातून काढला आणि बराच वेळ उजव्या हाताकडे बघितलं. आमटीच्या पळीच्या दिवशी बघितलं होतं तसं नाही. हिशेब जुळल्यावर कारकून बघतो तसं. म्हणाला, "एवढा हलतो तर. आता कळलं. बस झालं."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी इथे अपार्टमेंट असेल, आणि माझा हात अजून हलेल. नोव्हेंबरात मी सोडलं ते खोट्यावरून सोडलं होतं. हे खरं आहे."

मग हिम्मतरावांना हाक मारली आणि विमान त्यांना देऊन टाकलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, घरात हेमंत आहे, त्याने मागितलं आहे, आकडा बदलणार नाही असं लिहून दिलं आहे. तर म्हणाला, "हेमंत प्रेमळ आहे. त्याच्याकडे विमान बिघडलं तर तो मला ते सरळ उडतंय म्हणून कळवेल. हिम्मत शिवी देऊन सांगेल."

मी तुझी बाजू घेणार होते. माझीच बाजू कोण घेतो आहे ह्या विचारात राहून गेलं.

हिम्मतराव रडले. तेही मोठ्याने. "साब, मैं इसकू पोरीसारखं सांभाळतों," म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मागे उभं राहून ओरडायला मला पण कुणी नै." मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांना ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, ते प्रकारांच्या यादीत बसत नाही.

आमच्या क्लबात विमान हात बदलतं तेव्हा वहीत नोंद होते. ती मी लिहिली. तुझा रेडिओ तुला न विचारता गेला आहे, तेव्हा नक्कल तुला पाठवणं माझं काम आहे. काही म्हणायचं असेल तर दादाला म्हण, तेही तोंडावर, इथे येऊन.

जयवंतामावशी

नोंदवहीतील नक्कल, रविवार, २१ जानेवारी १९९६

भगवंतराव बिराजदार यांनी हिम्मतराव यांच्याकडे आज मैदानावर पुढील वस्तू दिल्या.

विमान एक. बाल्सा लाकडाचं, पंख एकसष्ट इंच, लाल-पांढरं. उजव्या पंखाच्या टोकाला जुनी डागडुजी आहे, ती दाखवली.

इंजिन एक. थंडीत सुरू होताना उलटं फिरतं आणि बोटाला लागतं, हे सांगितलं.

रेडिओ एक, चार्जरसह. रडरबरोबर एलिव्हेटर तीन टक्के, दोन्ही बाजूंना वर. बाकी सर्व पानांवर शून्य. प्रत्येक पान उघडून घेणाऱ्यास दाखवलं.

पंखाखाली पोस्टकार्डाची पट्टी एक. काढू नये.

विमानाचे ज्ञात दोष: वरील. अन्य दोष लपवलेला नाही.

देणार: भगवंतराव बिराजदार. सही हललेली आहे. साक्षीदारासमोर केलेली असून त्यांचीच आहे. दुसऱ्यांदा घेतलेली नाही.

घेणार: हिम्मतराव.

साक्षीदार व लिहिणार: जयवंता बिराजदार.